पहिलं ट्रेनर विमान: फोमबोर्ड कापण्यापासून ट्रिम जमेपर्यंत

रेडिओने उडवायच्या (आर.सी.) मॉडेल विमानांत चांगलं शिकाऊ विमान, म्हणजे ट्रेनर, कोणतं? तीस-चाळीस मीटर उंचीवर, अर्ध्या थ्रॉटलवर (मोटरच्या अर्ध्या जोरावर) रेडिओच्या दोन्ही स्टिक सोडून दिल्या तरी जे सरळ चालत राहतं आणि झुळकीने एक पंख खाली गेला तर दोन-तीन सेकंदांत आपलं आपण सावरतं, ते. नवशिक्याचं विमान पडलं की दोष हाताला दिला जातो. खरं तर बहुतेक वेळा ते घरातून निघतानाच बिघडलेलं असतं: वजन जास्त झालेलं, तोल मागे गेलेला, नाहीतर पंखाला पीळ पडलेला. असलं विमान सराईत माणसालाही दमवतं. म्हणून खाली दिलेलं प्रत्येक माप एकाच कामासाठी आहे. स्टिक सोडता येतील असं विमान टेबलावरच तयार करायचं.

आराखडा

पंख वर असलेलं, म्हणजे हाय-विंग, पुढून ओढणाऱ्या एका मोटरचं विमान घ्या. पंखांची लांबी १००० मिमी, रुंदी सगळीकडे २०० मिमी. क्षेत्रफळ झालं २० चौरस डेसिमीटर. धड ७५० मिमी. शेपटीचा आडवा भाग ४०० बाय १०५ मिमी, त्यातले मागचे ३५ मिमी हलणारा इलेव्हेटर, जो नाक वर-खाली करतो. उभी शेपूट १५० मिमी उंच, तळाशी साधारण तेवढीच रुंद आणि वर निमुळती. तिच्या मागचे ५० मिमी रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा हलता भाग.

बॅटरीसह उडतं वजन ५४० ग्रॅमच्या आसपास ठेवायचं. म्हणजे दर चौरस डेसिमीटरला २७ ग्रॅम. ३० पर्यंत हरकत नाही. ३५ च्या पुढे गेलं की विमान उडतं, पण वेगात उडतं आणि वेगातच उतरतं. शिकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथली हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे ५ टक्के विरळ. एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारी ती प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटी, १५ अंश) १२-१३ टक्क्यांनी विरळ होते आणि तेच विमान हवेत टिकायला ६-७ टक्के जास्त वेग मागतं. परदेशी आराखड्यातलं वजन 'थोडं वाढलं तर वाढू दे' असं म्हणण्याइतकी सवलत आपल्याला नाही.

पहिल्या विमानाला एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग, नकोत. थ्रॉटल, इलेव्हेटर, रडर, एवढे तीनच चॅनेल. पंखांना समोरून पाहिल्यावर दोन्ही बाजूंना ५ अंशांचा उठाव द्यायचा; यालाच डायहेड्रल म्हणतात. रडरने नाक वळलं की या उठावामुळे विमान त्याच बाजूला कलतं, आणि रडर सोडलं की सरळ होतं. सपाट पंख आणि एलेरॉन असलेलं विमान कललं की कललेलंच राहतं. एलेरॉन नसल्याने दोन सर्व्हो (हलते भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) वाचतात, वजन वाचतं, हा वरचा फायदा.

फोम: नावावर जाऊ नका, वजन करा

इथे पहिली फसगत होते. फ्लेक्स आणि नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे 'सनबोर्ड' मिळतो. तो पीव्हीसीचा असतो आणि ५ मिमी जाडीत चौरस मीटरला अडीच-तीन किलो भरतो. त्याचं विमान होत नाही. आपल्याला हवा तो दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेला ५ मिमी फोमबोर्ड, जो शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आणि आर्किटेक्टच्या मॉडेलसाठी वापरतात. स्टेशनरी आणि ड्रॉइंगचं साहित्य ठेवणाऱ्या दुकानात मिळतो. काही दुकानदार दोन्हींना सनबोर्डच म्हणतात, म्हणून नाव सोडा आणि काट्यावर ठेवा. ७० बाय १०० सेंमीचा बोर्ड २५० ग्रॅमच्या आत बसला तर उत्तम. ३५० ग्रॅमच्या वर गेला तर दुसरीकडे बघा. नखाने दाबून पाहा. खड्डा पडून हळूहळू भरत असेल तर फोम ठीक, कागद हाताने सुटत असेल तर बोर्ड ओलाव्यात राहिलेला आहे.

असे दोन बोर्ड पुरतात. एकातून पंख, दुसऱ्यातून धड आणि शेपूट, वर दुरुस्तीला तुकडे उरतात.

डिंकाबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. साधं फेविक्विक आणि वासाचे रबरी सोल्युशन उघड्या फोमला खातात; जोड चिकटण्याआधी तिथे पोकळी होते आणि वरून काही दिसत नाही. ग्लू गन, पांढरं फेव्हिकॉल आणि प्लायवूडच्या जागी अरल्डाइट, हे तीनच वापरा. ग्लू गनचा रस थेट उघड्या फोमवर ओतला तर फोम वितळतो, म्हणून आधी कागदाच्या बाजूला लावायचा, चार-पाच सेकंद थांबायचं, मग जोडायचं. रस कमी वापरा. एका विमानाला तीन कांड्या लागल्या तर ३० ग्रॅम निव्वळ गोंदाचे झाले.

बाकी सामान

मोटर ए-२२१२, १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे). २० किंवा ३० अँपियरचा ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट), ५ व्होल्ट बीईसी (रिसीव्हर-सर्व्होंना वीज देणारा भाग) असलेला. ९ बाय ४.७ इंची स्लो-फ्लाय प्रोपेलर. तो एक नको, चार घ्या. ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, एसजी-९० चालतात. ३-सेल १३०० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. सहा चॅनेलचा २.४ गिगाहर्ट्झ रेडिओ, रिसीव्हरसह. फ्लायस्काय एफएस-आय६ नवशिक्यांत सर्वांत जास्त दिसतो आणि पुढच्या चार विमानांनाही पुरतो. रेडिओवर पैसे वाचवू नका, विमान बदलतं, रेडिओ राहतो.

४ मिमी प्लायवूडचा ५० बाय ६५ मिमी तुकडा मोटर जिच्यावर बसते त्या नाकाच्या भिंतीसाठी, २ मिमी प्लायवूडची २०० बाय २५ मिमी पट्टी पंखाच्या जोडासाठी. उद्यमनगरात किंवा कुठल्याही फर्निचरवाल्याकडे उरलेल्या तुकड्यांत हे मिळून जातं. जुन्या छत्रीच्या काड्या नाहीतर १.२ ते १.५ मिमीची पोलादी तार, बांबूच्या ५ मिमी जाड दोन काड्या, रबरबँड, संपलेलं एटीएम कार्ड, रुंद पारदर्शक टेप. सायकलचा आरा पुशरॉडला, म्हणजे सर्व्होपासून इलेव्हेटर-रडरपर्यंत जाणाऱ्या तारेला, वापरू नका. २ मिमीचा आरा शेपटीकडे वजन वाढवतो आणि तिथला प्रत्येक ग्रॅम नाकाशी तीन ग्रॅम मागतो.

वजनाचा हिशोब कागदावर मांडून ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला काट्यावर पडताळा:

पंख, स्पारसह (आतला आडवा कणा): १५५ ग्रॅम
धड: ६०
शेपूट: २०
गोंद आणि टेप: ३०
प्लायवूड: १२
मोटर, प्रोपेलर: ७५
ईएससी: २५
दोन सर्व्हो: २२
रिसीव्हर: १५
तारा, काड्या, रबरबँड: १६
बॅटरी: ११०

पंख

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. धड वाकडं असलं तरी विमान उडतं, पंख पिळलेला असला तर उडत नाही.

प्रत्येक अर्ध्या पंखाला ५०० बाय ४१५ मिमी तुकडा लागतो. १०० सेंमीच्या बोर्डातून दोन्ही शेजारी शेजारी निघतात. एका कडेपासून २०० मिमीवर रेघ मारा. ही पुढची कड, म्हणजे लीडिंग एज. रेघेच्या वरच्या बाजूला ५ मिमी अंतरावर दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघांवर आतला कागद आणि फोम कापायचा, बाहेरचा कागद शाबूत ठेवायचा. ब्लेड नवं हवं; बोथट ब्लेडने फोम दाण्यादाण्याने सुटतो आणि घडी वेडीवाकडी बसते. वरच्या भागात, पुढच्या कडेपासून ६० मिमीवर तिसरी खाच अर्धवट पाडा, म्हणजे वरचा कागद तिथे वाकून उंचवटा येईल.

आता स्पार. १४ मिमी रुंदीच्या, ५०० मिमी लांबीच्या दोन पट्ट्या कापून एकमेकींना चिकटवा आणि खालच्या भागावर पुढच्या कडेपासून ६० मिमीवर उभ्या लावा. कागद उभ्या बाजूंना आला पाहिजे, ताकद त्याच्यातच आहे. खाली ५, वर ५ आणि मध्ये १४, अशी पंखाची जाडी २४ मिमी होते, रुंदीच्या १२ टक्के. धिम्या विमानाला ती बरोबर बसते.

घडी घालण्याआधी मागच्या कडेला खालच्या भागाचा फोम १५ मिमी रुंदीत उतरता करा. सँडपेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासला की सरळ उतार येतो. मग स्पारवर आणि मागच्या कडेवर गोंद, घडी, आणि लगेच पंख सपाट टेबलावर ठेवून वर चार-पाच जाड पुस्तकं. हात लावून धरू नका. हातात धरून वाळवलेल्या पंखाला पीळ पडतोच. वाळल्यावर मागे जास्तीचा वरचा कागद-फोम कापून टाका.

दुसरा अर्धा पंख आरशातल्यासारखा उलटा करायचा आहे. दोन डावे पंख तयार होणं ही नेहमीची चूक आहे. कापण्याआधी बोर्डवर 'डावा', 'उजवा' आणि 'पुढे' लिहून ठेवा.

जोडण्याआधी दोन्ही मुळांचा वरचा काठ आत झुकता घासा: २४ मिमी उंचीवर २ मिमी, म्हणजे ५ अंश. २ मिमी प्लायवूडच्या पट्टीतून उथळ 'व्ही' कापा, उंची १४ मिमी, दोन्ही टोकं मध्यापेक्षा ९ मिमी वर. ही पट्टी स्पारला चिकटून १०० मिमी डावीकडे आणि १०० मिमी उजवीकडे जाईल. त्यासाठी स्पारच्या मागे चाकूने फट करून घ्या. एक पंख टेबलावर सपाट दाबून ठेवा, दुसऱ्याचं टोक ८७ मिमी उंच टेकवा, जोडावर अरल्डाइट, आणि रात्रभर हलवू नका. दुसऱ्या दिवशी जोडावर ५० मिमी रुंद टेप वर-खाली.

आता पंख मागून डोळ्यासमोर धरा. दोन्ही बाजूंची खालची पातळी सारखी दिसली पाहिजे. टोकाकडे मागची कड २-३ मिमी वर गेलेली असेल आणि ती दोन्हीकडे सारखी असेल तर चांगलंच आहे. टोक उशिरा स्टॉल होतं, म्हणजे वेग कमी पडल्यावर त्याची उचल उशिरा सुटते. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असेल तर रडर ट्रिमने (रेडिओवरच्या बारीक जुळवणीने) ते झाकू नका. वेग बदलला की तो पीळ पुन्हा डोकं वर काढतो. पंख उलट पिळून धरा, वरच्या बाजूला तिरपी टेप ताणून लावा, पुन्हा बघा.

धड आणि शेपूट

बाजूच्या दोन भिंती ७५० बाय ७० मिमी. वरची कड नाकापासून शेपटीपर्यंत एकदम सरळ ठेवा. खालची कड ३५० मिमीनंतर चढती कापून शेपटीशी उंची ३० मिमीवर आणा. तळ ५० मिमी रुंद, दोन भिंतींच्या मध्ये. बाहेरून रुंदी ६० मिमी होते आणि ३-सेल बॅटरी आत सहज सरकते. नाकापासून पंखाच्या मागच्या कडेपर्यंत भिंतींना आतून फोमबोर्डचा दुसरा थर द्यायचा मोह होतो. तो फक्त पहिल्या १५० मिमीत द्या.

वरची कड सरळ ठेवण्याचं कारण कोन. शेपटीचा आडवा भाग त्या कडेवरच सपाट चिकटतो, म्हणजे शून्य अंश. पंखाची पुढची कड नाकापासून १५० मिमीवर येते. तिच्याखाली दोन्ही भिंतींवर फोमबोर्डची एकेक पट्टी, ५ मिमी जाड, चिकटवा. मागे काही नाही. २०० मिमीच्या पंखाला ५ मिमीचा उंचवटा म्हणजे दीड अंश. ट्रेनरला हवा तेवढाच. कोनमापक घेऊन झटापट करायची गरज उरत नाही.

बांबूच्या काड्या धडातून आरपार: एक पंखाच्या पुढे २० मिमी, एक मागे २० मिमी, दोन्हीकडे १०-१० मिमी बाहेर. भोकांना एटीएम कार्डाच्या चकत्या लावा, नाहीतर रबरबँडच्या ओढीने फोम फाटत जातो. पंख रबरबँडनेच बांधायचा, चिकटवायचा नाही. टोक जमिनीला लागलं की पंख सरकतो आणि मोडत नाही. एकूण सहा रबरबँड, शेवटचे दोन तिरपे फुलीसारखे. उन्हात तडकलेला रबरबँड ताणला की पांढरा दिसतो. तो फेकून द्या.

शेपूट लावताना पंख बांधून ठेवा. पंखाच्या प्रत्येक टोकापासून आडव्या शेपटीच्या त्याच बाजूच्या टोकापर्यंत दोरीने मोजा. दोन्ही अंतरं ३ मिमीच्या आत सारखी हवीत. मागे उभं राहून पाहिल्यावर आडवी शेपूट पंखाशी समांतर, उभी शेपूट तिला काटकोनात. इलेव्हेटर आणि रडरसाठी एका बाजूचा कागद तसाच ठेवून फोम कापा, कड ४५ अंशांत उतरवा. उरलेला कागद हीच बिजागरी. त्यावर एक टेप. इलेव्हेटर लटकून सैल हलला पाहिजे. बिजागरी ताठ असेल तर सर्व्हो मध्यावर परत येत नाही आणि ट्रिम रोज बदलतं.

मोटरचा कोन

प्लायवूडची भिंत अरल्डाइटने बसवा, आतून चारही कोपऱ्यांत फोमचे त्रिकोणी तुकडे द्या. मोटर सरळ पुढे बघणार नाही. २-३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे. उजवं म्हणजे कॉकपिटमध्ये बसल्यासारखं मागून पाहताना. वरच्या दोन स्क्रूंच्या मागे अर्ध्या मिमीचे दोन-दोन वॉशर घातले की खाली झुकाव येतो, डाव्या बाजूच्या स्क्रूंच्या मागे घातले की उजवीकडे. स्क्रू २५ मिमी अंतरावर असतील तर १ मिमी म्हणजे सव्वादोन अंश. वर-डावीकडचा स्क्रू दोन्हींत मोजला जातो, त्याला चार वॉशर लागतात.

हे का? थ्रॉटल वाढवला की सपाट तळाचा पंख नाक वर उचलतो, आणि प्रोपेलरच्या फिरण्याची उलटी ओढ विमान डावीकडे कलवते. मोटरचा कोन या दोन्हींना त्याच क्षणी उत्तर देतो.

प्रोपेलरवरची अक्षरं पुढे. उलटा लावलेला प्रोपेलरही हवा मागेच ढकलतो, पण निम्म्या जोराने, आणि मग 'मोटरच कमजोर' असा निष्कर्ष निघतो. जोर मोजायचा असेल तर विमान शेपटीला दोरी बांधून सामानाच्या हुकाच्या काट्याला अडकवा आणि पूर्ण थ्रॉटल द्या. उडत्या वजनाच्या ६० टक्क्यांच्या वर आकडा आला पाहिजे. वजनाइतका आला तर भरपूर झाला.

सर्व्हो आणि रेडिओ

प्रोपेलर काढून ठेवा. या भागाचं सगळं काम प्रोपेलरशिवाय.

रडरचा सर्व्हो चॅनेल १ ला, इलेव्हेटर २ ला, ईएससी ३ ला लावा. चॅनेल १ म्हणजे मोड-२ (थ्रॉटल डाव्या स्टिकला असलेल्या) रेडिओवर उजव्या स्टिकचं डावं-उजवं, जिथे पुढे एलेरॉन येणार. वळायची सवय पहिल्यापासून त्याच बोटाला लागते. आधी रेडिओ आणि बॅटरी चालू करून सर्व्हो मध्यावर येऊ द्या, ट्रिम शून्य आहे हे बघा, मगच सर्व्होचा हात काटकोनात बसवा. पुशरॉड सर्व्होच्या हाताच्या आतल्या भोकात, कार्डातून कापून इलेव्हेटर-रडरला लावलेल्या हॉर्नच्या (उभ्या पट्टीच्या) बाहेरच्या भोकात. हालचाल कमी आणि अचूक होते. लांब तार मध्ये वाकते, म्हणून धडाच्या आत दोन ठिकाणी स्ट्रॉच्या तुकड्यातून न्या.

हालचाल पट्टीने मोजा: इलेव्हेटर मागच्या काठाशी वर १२, खाली १० मिमी; रडर दोन्हीकडे २५ मिमी. इलेव्हेटरला ३० टक्के एक्स्पो (स्टिकच्या मध्याशी हालचाल सौम्य करणारी सेटिंग) द्या, आणि पडद्यावरचा आलेख मध्यभागी सपाट झालाय का ते बघा. टोकदार झाला असेल तर चिन्ह उलट करा.

दिशा विमानाच्या मागे उभं राहून तपासायच्या. स्टिक उजवीकडे: रडर उजवीकडे. स्टिक आपल्याकडे ओढली: इलेव्हेटर वर. हे दर वेळी, प्रत्येक उड्डाणाआधी. उलट्या इलेव्हेटरचं विमान तीन सेकंदांपेक्षा जास्त जगत नाही.

ईएससीला थ्रॉटलची हद्द शिकवावी लागते: स्टिक पूर्ण वर, बॅटरी जोडा, बीप आले की स्टिक पूर्ण खाली. मग फेलसेफ, म्हणजे रेडिओचा संपर्क तुटला तर काय व्हावं ते. थ्रॉटल शून्यावर जाईल असं ठरवा आणि मोटर हळू फिरत असताना रेडिओ बंद करून खात्री करा. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, बॅटरी आणि ईएससीच्या जाड तारांपासून दूर. मैदानावर कुणाला तरी विमान धरायला सांगून ६० पावलं मागे जा. सर्व्हो न थरथरता चालले पाहिजेत.

बॅटरी १.३ अँपियरनेच चार्ज करा, फरशीवर, समोर बसून. दर सेल ४.२ व्होल्ट म्हणजे पूर्ण. उतरल्यावर ३.७ च्या खाली गेलेली नको. आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ वर ठेवा. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. पहिल्या उड्डाणांना टायमर सहा मिनिटांचा लावा.

तोल

पंखाखाली पुढच्या कडेपासून ५५ मिमीवर दोन्हीकडे खूण करा. बॅटरी आत, पंख बांधलेला, प्रोपेलर लावलेला आणि बॅटरीची तार अजून न जोडलेली, अशा पूर्ण तयार विमानाला त्या खुणांवर दोन बोटांनी उचला. सपाट राहिलं पाहिजे, किंवा नाक किंचित खाली. शेपूट खाली जात असेल तर उडवू नका. पुढे जड असलेलं विमान आळशी उडतं, मागे जड असलेलं उडतच नाही. ते नाक उचलतं, स्टॉल होतं, एका पंखावर पडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं वारा लागला.

तोल बॅटरी सरकवून साधायचा. ११० ग्रॅमची बॅटरी २० मिमी पुढे नेली की ५४० ग्रॅमच्या विमानाचा तोल ४ मिमी पुढे येतो. बॅटरी मोटरच्या भिंतीला टेकली तरी जमत नसेल, तरच नाकात वजन, आणि त्याआधी शेपटीत काय जास्त झालंय ते शोधा. जागा सापडली की धडात आतून रेघ मारा आणि बॅटरी वेल्क्रोने बांधा.

आडवा तोलही बघा: मोटरचा शाफ्ट आणि शेपूट धरून उचला. जो पंख दर वेळी खाली जातो त्याच्या विरुद्ध बाजूच्या पंखाच्या टोकाला लहान खिळा टेपखाली दाबा.

जागा, वारा, कायदा

उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्याने जागा निवडताना तोच पहिला विचार. ड्रोन नियम २०२१ आर.सी. विमानांनाही लागू आहेत. २ किलोपर्यंतचं विमान हौस म्हणून उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही, पण हवाई हद्दीचे नियम सुटत नाहीत. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, आणि त्याच्या पलीकडे नकाशावरच्या हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) भागात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. त्याहून आत परवानगी लागते. कळंबा, गोकुळ शिरगाव आणि शहराचा बराच भाग त्यामुळे बाद होतो. पन्हाळ्याच्या वाटेवरची किंवा कोडोली-वडगावकडची रानं बघा, आणि कुठलीही जागा ठरवण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तपासा. शेतमालकाला विचारूनच आत जा.

शिवार निवडताना ऊस टाळा. उभ्या उसात विमान गेलं की दहा फुटांवरूनही दिसत नाही, आणि पातं हात-तोंड कापतं. तोडणी झालेलं रान मोकळं दिसतं, पण बुडखे उभे असतात. पोटावर उतरणाऱ्या फोमच्या विमानाचा तळ ते फाडतात. सोयाबीन किंवा भुईमूग काढलेलं रान, गवताळ माळ, हे सगळ्यांत चांगलं. विजेच्या तारा किमान दीडशे मीटर लांब. घारी फिरत असतील तर विमान खाली घ्या.

ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतची सकाळ, सूर्य वर आल्यापासून नऊपर्यंत, शिकायला सोन्यासारखी. हे विमान ताशी २५ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं. वारा १० च्या वर असेल तर पहिलं उड्डाण पुढे ढकला. मार्च ते मे दहानंतर तापलेल्या माळावरून हवा उसळते आणि दुपारी वळवाचं वादळ अचानक येतं. पावसाळ्यात फोमबोर्डचा कागद ओल धरून सुटतो. बाहेरून पारदर्शक टेप किंवा वॉर्निशचा पातळ हात दिला तर दवावर उतरवता येतं, पावसात नाही.

रंगाचंही सांगायला हवं. वरून पिवळा किंवा नारिंगी, खालून दोन जाड काळे पट्टे. पांढरं विमान पाचट जाळलेल्या धुरकट आभाळात नाहीसं होतं, आणि ते येतंय की जातंय हे कळलं नाही की उजवं-डावं चुकतं.

फेक

मोटर बंद ठेवून आधी घसरण बघा. गवतावर, वाऱ्याकडे तोंड, तीन पावलं पळत विमान खांद्याच्या उंचीवरून सपाट सोडा. १० ते १२ मीटर सरळ जाऊन पोटावर टेकलं पाहिजे. नाक वर जाऊन बदकन पडलं तर तोल मागे, नाहीतर इलेव्हेटर वर आहे. सरळ खाली गेलं तर उलटं. दोन मिमी इलेव्हेटर ट्रिम बदला, पुन्हा सोडा. हे पाच-सहा वेळा करा. इथे सापडलेली चूक फुकट दुरुस्त होते.

उड्डाणाला दोघं हवेत. एकाने फेकायचं, दुसऱ्याचे दोन्ही अंगठे स्टिकवर. थ्रॉटल पाऊण. फेकणाऱ्याने पंखाच्या मागे तळाला धरायचं, बोटं प्रोपेलरपासून लांब, आणि भाल्यासारखं समोर ढकलायचं. नाक क्षितिजाच्या जरा वर, पंख समतल. वर भिरकावलेलं विमान वेग नसताना नाक वर घेऊन स्टॉल होतं. उड्डाणातले बरेच अपघात याच दोन सेकंदांत होतात. सुटल्यावर इलेव्हेटर ओढू नका. वेग येऊ द्या, ते आपोआप चढेल.

तीस मीटरपर्यंत वाऱ्याच्या तोंडाने सरळ चढा. पहिलं वळण रुंद. वळताना नाक खाली झुकतं म्हणून थोडा इलेव्हेटर, आणि रडर अर्ध्यापेक्षा जास्त नाही.

हवेतलं ट्रिम

अर्धा थ्रॉटल. सरळ जाताना स्टिक सोडा, काय होतं ते बघा, एकेक टिक ट्रिम द्या. आता थ्रॉटल बदलून पाहा, कारण खरी माहिती तिथे मिळते.

थ्रॉटल वाढवल्यावरच डावीकडे जातं आणि बंद केल्यावर सरळ राहतं: मोटरला उजवीकडे आणखी एक वॉशर. थ्रॉटल वाढवल्यावर नाक जोरात वर: आणखी खाली झुकाव. मोटर बंद असतानाही एकाच बाजूला वळतं: पंखाचा पीळ, उतरवून डोळ्यांनी तपासा. मोटर बंद केल्यावर नाक वर-खाली लाटांसारखं हलत राहतं: तोल मागे आहे, किंवा इलेव्हेटर ट्रिम जास्त वर.

मग तोलाची परीक्षा. चांगली उंची घ्या, मोटर बंद, नाक ४५ अंश खाली घालून स्टिक सोडा. हळूहळू स्वतःच वर आलं तर ट्रेनरला अगदी योग्य. झटक्यात वर उसळलं तर नाक जड. बॅटरी ५ मिमी मागे आणि इलेव्हेटर ट्रिम खाली. सूर तसाच खोल होत गेला तर तोल मागे. लगेच उतरवा आणि बॅटरी १५ मिमी पुढे घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला.

उतरल्यावर रेडिओचं ट्रिम मधोमध आणून तेवढा फरक पुशरॉडमध्ये घ्या. ट्रिमच्या बटणाला चुकून हात लागला तरी पुढच्या वेळी विमान तसंच उडेल.

उतरताना वाऱ्याकडे तोंड, लांबून थ्रॉटल कमी करत सरळ यायचं. उंची कमी पडली तर थ्रॉटल, इलेव्हेटर नाही. अर्धा मीटर उरला की थ्रॉटल शून्य, किंचित ओढा, पोट टेकू द्या.

पडल्यावर

पडताना दिसलं की सगळ्यांत आधी थ्रॉटल शून्य. प्रोपेलर अडकलेला असताना मोटरला वीज मिळत राहिली तर ईएससी जळतो. विमान जिथे दिसेनासं झालं त्या रेषेत लांबचं झाड किंवा खांब हेरा आणि नजर न काढता चालत जा. पिकात असेल तर रडरची स्टिक हलवत राहा, सर्व्होचा आवाज बराच लांब ऐकू येतो.

बॅटरी बाहेर काढून अर्धा तास लांब ठेवा. पिचकलेली लिपो उशिराही पेटते. मग मोटरची भिंत हलवून पाहा, कारण वरून ठीक दिसणारं नाक आतून सुटलेलं असतं आणि मोटरचा कोन बदललेला असतो. वाकलेला शाफ्ट हाताने फिरवून दिसतो. सर्व्होचे दात तुटले असतील तर मध्येच अडकतो. चुरगळलेला फोम कापून टाका, तिथे नवा तुकडा बसवा, जोडावर आइस्क्रीमची काडी. दुरुस्तीनंतर दोन बोटांवरचा तोल पुन्हा, दिशा पुन्हा, आणि गवतावरची घसरणही पुन्हा करा. पाचव्या-सहाव्या दुरुस्तीनंतर पंख काट्यावर ठेवा. २०० ग्रॅमच्या वर गेला असेल तर नवा कापा, त्याच सामानावर.